अर्धवट टाकलेलं ऑपरेशन

रविवार, १४ जून

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तू बरी नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही. एकाच इस्पितळात तू खाली बाकावर, मी वरच्या मजल्यावर, आणि मला पत्र लिहावं लागतंय! फोन उचलत नाहीस, जिन्यात दिसले की तोंड फिरवतेस. धन्य आहे तुझी.

परवा सगळ्यांदेखत ओरडलीस, "माझ्या नवऱ्याचं पोट उघडं टाकून बाहेर आलीस? तुझं कधी काही पुरं होतं का गं?" तुझ्या सासूबाईंनी लगेच तुझी री ओढली.

आता ऐक. ट्रकच्या धडकेने त्याचं यकृत फाटलं होतं, आतडं तुटलं होतं. पोट उघडलं तर रक्ताशिवाय काही दिसेना. मी आत कापडाच्या घड्या ठासून भरल्या, आतड्याची टोकं नुसती बांधली. जोडायला घेणार, तेवढ्यात भूलतज्ज्ञ म्हणाले, "अंग गार पडतंय. रक्त गोठत नाहीये. थांबा आता." अशा वेळी शिवत बसलं तर टाके सुरेख येतात आणि माणूस जातो! म्हणून पोटावर प्लॅस्टिकचं आवरण लावलं आणि ऊब द्यायला, रक्त चढवायला अतिदक्षता विभागात पाठवलं. याला अर्धवट म्हणत नाहीत, बाई.

दुसरा सर्जन गावाला गेला होता. नाहीतर आपल्याच माणसावर सुरी कोण चालवतं?

खरं सांगू? बाहेर येताना तुला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते, आणि 'गेला' याच्यापुढे शब्दच सुचत नव्हता. तू ओरडलीस तेव्हा मला बरंच वाटलं. तो अजून होता, म्हणून तर ओरडत होतीस.

काल पुन्हा आत घेतला. घड्या काढल्या, रक्त थांबलेलं. आतडं जोडलं, पोट शिवलं. धोका टळला असं मी इतक्यात म्हणणार नाही. पण आज त्याने डोळे उघडले. तोंडात नळी, बोलता येत नाही. दाराकडे बघत राहिला. म्हटलं, "ती रुसलीय." तर नळीसकट हसायला गेला, मूर्ख!

भेटायला दर वेळी सासूबाईंना पुढे करतेस. उघडं पोट बघवणार नाही म्हणून ना? आता ते झाकलंय. वर ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्याचा हात धर. तो दोन दिवस मी धरलाय, आणि तो माझा हात शोधत नाहीये.

तुझीच,
अजून घाबरलेली ताई