रोशनी मागतेय

५ जानेवारी
सकाळी हैदराबादला, काचीगुड्याला उतरले. आईने आठवडाभर पुरतील एवढे धपाटे बांधून दिलेत. सामान पाहून ऑटोवाल्याने विचारलं, अकेले आए की बरात पीछे है. तारनाक्याला मुलींच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकीतून रेल्वेचे क्वार्टर्स आणि वाळत घातलेल्या चादरींची रांग दिसते. मला आवडली.

नांदेडबाहेर पहिलीच नोकरी. रोज चार ओळी लिहायची सवय आज्जांची, म्हणजे तातेराव गुरुजींची. चौथीत मला वही देऊन म्हणाले होते, रोशनी, कमी लिही, पण वहीत खोटं लिहू नको. ते जाऊन सहा वर्षं झाली. नियम अजून मोडलेला नाही.

७ जानेवारी
प्रयोगशाळा झकास आहे. काचेच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला एमआरआयचं यंत्र. कधीच शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचा मेंदू आठवणी कशा जपतो, हा आमचा विषय. चाळीस मिनिटांचं काम अकरा मिनिटांत उरकणारी नवी पद्धत गिरीश सरांनी बसवली आहे. किंमत एवढीच की अंग जरा जास्त तापतं. म्हणून आत हाताला हात लागू द्यायचा नाही. हात जुळले की शरीराचं कडं पूर्ण होतं आणि जिथे कातडीला कातडी टेकते तिथे चटका बसू शकतो. आमच्या यंत्रात देवालासुद्धा नमस्कार करायचा नाही, असं श्रीलता म्हणते. ती यंत्र चालवते, वारंगळची आहे, हसरी आहे. आत जाणाऱ्याच्या हाताशी एक रबरी फुगा असतो. त्रास झाला की तो दाबायचा, मग बाहेर घंटी वाजते.

माझं काम म्हणजे माणसांना सूचना समजावणं आणि आत ते जे बोलतात त्याची ध्वनिफीत लावून ठेवणं.

सर सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी घराण्यातले, आजोबा वकील. मुलाखतीत नांदेड वाचून त्यांनी मराठीतच विचारलं होतं, कुठल्या तुम्ही? या ‘कुठल्या’मागे आडनावाचा प्रश्न असतो. त्याच्यामागचा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, नुसता चेहरा बदलतो. तो बदललेला चेहरा मी कॉलेजात पाहिलाय. मी हिंदीत सांगून टाकलं, सर, मराठी नहीं आती, घर में हिंदी बोलते. सर जरा हिरमुसले. इथे आडनावाचं नुसतं अक्षर लावायची रीत, त्यामुळे माझ्या बिल्ल्यावर टी. रोशनी एवढंच. सुंठीवाचून खोकला गेला. आता मराठी फक्त या वहीत. इथे ती वाचणारं सरांशिवाय कुणी नाही.

१९ जानेवारी
आज ४१ क्रमांक. केसरबाई, वय सत्तर. बिलोलीकडच्या. दोन महिन्यांपूर्वी बरकतपुऱ्याला मुलाकडे राहायला आल्या. नात गीता घेऊन आली होती. ती इथेच वाढलेली, आजीशी निम्मं मराठी आणि निम्मं हैदराबादी बोलते.

केसरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “जयभीम माय. तू तातेराव गुर्जीची नात हाईस ना? नाक तेच हाय.”

सर दारातच उभे होते. मी म्हटलं, माफ कीजिए, मैं समझी नहीं. गीता ओशाळली. आजीला जिथंतिथं गाववालेच दिसते, म्हणाली. सर हसून व्याख्यानाला गेले.

मग मी सूचना दिल्या, हिंदीत, भराभर. गीता मराठीत सांगायला लागली तेवढ्यात तिला बाहेर बसायला सांगितलं, तसा नियमच आहे. केसरबाई मान डोलवत होत्या. लेकरू खोटं खोटं खेळत असलं की मोठी माणसं बघतात तसं माझ्याकडे बघत होत्या.

चौथ्या मिनिटाला त्या आत काही बोलायला लागल्या. अंगावर चादर होती, हात दिसत नव्हते. श्रीलता म्हणाली, पोलालु म्हणतेय, तेलुगूत म्हणजे शेतं. बिचारीला शेत आठवलं असेल. सात मिनिटं राहिली होती, ती पूर्ण केली. बाहेर काढलं तेव्हा दोन्ही तळवे जुळलेले होते. भीतीने वंदना म्हणत बसल्या असाव्यात. फुगा बाजूला तसाच पडलेला. तळव्यांच्या मधोमध रुपयाएवढे पांढरे डाग, कडेने सोलवटलेलं.

यंत्राच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

२८ जानेवारी
चौकशी झाली. सूचना दिल्या होत्या का? दिल्या. कुठल्या भाषेत? हिंदीत. समितीने लिहिलं, स्वयंसेविकेने सूचना पाळली नाही. मी सही केली.

सर मला म्हणाले, तुझा दोष नाही, तुला मराठी येत असती तर गोष्ट वेगळी होती. ते रोज दवाखान्यात जातात. केसरबाईंना मधुमेह आहे, जखम चिघळलीय. त्यांच्या हातांना पट्ट्या, म्हणून सर त्यांना चमच्याने पेज भरवतात, गावाकडच्या गप्पा करतात. श्रीलताने सांगितलं. ज्यांच्या चेहऱ्याला मी भ्याले ते हे. ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी दवाखान्यात गेले नाही.

१४ फेब्रुवारी
केसरबाई आज पहाटे गेल्या. विष रक्तात भिनलं होतं.

१६ फेब्रुवारी
सरांना ४१ ची ध्वनिफीत ऐकायचीय. मला मराठी कळते, मीच ऐकतो, म्हणाले. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ती पुसून टाकली. दुसरी प्रतही पुसली. सरांना सांगितलं, सापडत नाही.

२० फेब्रुवारी
४५ क्रमांक, लालागुड्याचे एक म्हातारे हमाल. तेलुगूशिवाय काही येत नाही. संध्याकाळी त्यांची ध्वनिफीत लावली. तिसऱ्या मिनिटापर्यंत त्यांचा आवाज. मग खोकला. मग एक बाई—

हात पोळायलेत माय.

श्रीलता चहा घेऊन आली, थबकली. हीच ती शेतवाली ना, म्हणाली. आपण ४१ ची फाइल चुकून यात तर नाही ना मिसळली?

म्हणजे तिलाही ऐकू येतं.

२३ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. १९ तारखेला वहीत खोटं लिहिलं. मला सगळं ऐकू आलं होतं. लख्ख.

पोळायलंय म्हणजे काय हे आमच्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. आणि तेवढंच नव्हतं. त्यांनी हाक मारली होती. रोशनी, सांग गं त्यास्नी, रोशनी. श्रीलता माझ्याकडे वळली. तुला बोलावतेय की उजेड मागतेय, तिने विचारलं.

मी म्हटलं, रोशनी मांग रही.

तिने आतला दिवा वाढवला.

सात मिनिटं होती. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. थांबव. पण थांबव म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, तुला कसं कळलं. मी एवढ्यासाठी गप्प बसले. माझी मलाच किळस येते.

२६ फेब्रुवारी
दुपारचा एक. यंत्रात कुणी नव्हतं. घंटी वाजली.

काचेतून पाहिलं. फुगा खुंटीला टांगलेला, दाबला गेलेला, पुन्हा फुगत होता. सावकाश. पुन्हा दाबला गेला.

आतला दिवा कुणी लावला?

श्रीलता म्हणाली, हवा अडकली असेल. पण तिने दार लोटून घेतलं.

१ मार्च
सकाळी तोंड धुताना ओंजळ केली आणि ओरडले. तळव्यांच्या मधोमध लाल डाग. दोन्ही. हात वेगळे ठेवले की काही नाही. जुळले की भाजतं.

आईचा फोन. केसरबाई गेली म्हणे तिकडं हैदराबादेत, तुला ठाऊक हाय का. तुझ्या बारशाला तिनंच पाळणा हलवला होता.

मी म्हटलं, नाही.

आईशीही.

३ मार्च
४७. खम्ममची बाई. तिची फीत लावायची नव्हती. लावली.

केसरबाई पहिल्या शब्दापासून. खम्ममची बाई कुठेच नाही. आणि आता जास्त बोलतात, त्या दिवशी बोलल्या नव्हत्या ते. कान टोचताना मीच धरलं होतं तुला, लई रडलीस. गुर्जीनं तुजं नाव ठिवलं, म्हणले ही उजेड पाडंल.

रागावत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

शेवटी — काचंपल्याड बसलीस ना माय? दिसायलीस मला. सांग त्यास्नी.

पुसली. पुन्हा तिथेच.

४ मार्च
वसतिगृहात, भर दुपारी. खोलीतला दिवा वाढत चाललाय. बटण बंद आहे.

फोड आलेत. पेन बोटांच्या टोकाने धरलंय.

आज्जा, उजेड नको —

५ मार्च
गीता आलीय. सरांच्या खोलीत बसलीय. आजी आत शेवटचं काय बोलली ते तिला एकदा ऐकायचंय. ४१ नाही म्हटल्यावर श्रीलता म्हणाली, ४७ लावून बघू, त्यातही तोच आवाज ऐकला मी —

मी शेजारच्या खोलीत, यंत्राच्या काचेसमोर. भिंतीतून सगळं येतंय. पाळणा. कान. माझं नाव. गीता हुंदके देतेय. तिला शब्द अर्धेच कळत असतील. सरांना सगळे.

घंटी.

काचेपलीकडे यंत्रात उजेड. पांढरा. चादरीखाली कुणीतरी — हात जोडलेले —

माझेही तळवे आपोआप जवळ येतायत. जाऊन गीताची माफी मागावी. हात जोडल्याशिवाय माफी कशी मागू, आणि हात —

थांबलं. शांत.

सर दारात उभे. चेहरा बदललाय. आडनावासाठी नाही. हळू विचारतायत, मराठीत. रोशनी, तुला कळत होतं का गं?

मागे गीता. तिच्यामागे —

 उत्तर इथेच लिहून वही पुढे करते. सर वाचतील, गीताला सांगतील. पहिल्या पानापासून. आज्जा, खरं लिहिते. सर, मला मराठी ये