गादीवाली गाडी त्या दिवशी जागेवर नव्हती

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
महामार्ग कामगार अपघात चौकशी कक्ष,
अमरावती.

अर्जदार : देवमन पुंडलिक खंडारे, वय ४६, धंदा वाहनचालक, रा. मूर्तिजापूर, जि. अकोला.

विषय : श्रीमती शकुन भाऊराव डोंगरे यांच्या मृत्यूच्या अहवालातील ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द काढून टाकणे व मी दिलेला खोटा जबाब रद्द करून खरा जबाब नोंदवून घेणे याबाबत.

संदर्भ : कंत्राटदार कंपनीचा अपघात अहवाल, दि. २४ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. मी अमरावती-अकोला महामार्गाच्या देखभालीचे काम करणाऱ्या कंत्राटदाराकडे चालक आहे. माझ्या ताब्यात जी गाडी होती तिला कागदोपत्री मोठे इंग्रजी नाव आहे. आम्ही कामगार तिला गादीवाली गाडी म्हणतो. जड ट्रक असतो, त्याच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पेट्यांची जाड गादी बसवलेली असते आणि वर दिव्यांचा मोठा बाण असतो. रस्त्यावर टोळी काम करत असताना ही गाडी तिच्या पाठीमागे उभी ठेवायची. मागून एखादे वाहन न थांबता आलेच, तर ते माणसांवर न जाता गादीवर आदळते. पेट्या एकात एक चेपत जातात आणि धक्का त्यांच्यात जिरतो. धडकणाराही बहुधा वाचतो. धक्क्याने आमची गाडी थोडी पुढे सरकते, म्हणून ती टोळीला खेटून उभी करायची नसते, मध्ये चांगले अंतर सोडायचे असते. हे सर्व आम्हाला सुरक्षा अभियंता श्रावणी मॅडम यांनी समजावून दिले होते. त्यांचा एकच नियम होता, आणि तो त्या आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घेत : “गाडी नाही, तर काम नाही.”

२. हे शिकवणे पोकळ नाही, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. मागील नोव्हेंबर महिन्यात बोरगाव मंजूजवळ टोळी खड्डे भरत होती. अकोटहून सरकी भरून निघालेला ट्रक भर दुपारी मागून येऊन माझ्या गादीवर आदळला. माझी गाडी दहा-बारा पावले पुढे फरफटत गेली. टोळी त्याच्याही पुढे होती. कोणालाही ओरखडा आला नाही. पट्टा लावलेला असल्याने माझी फक्त मान आखडली. सर्वांत आधी धावत आल्या त्या शकुनबाई. त्यांनी दार ओढून उघडले आणि विचारले, “भाऊ, बोला ना काही तरी. जिते हा ना?” मी मान हलवली तेव्हा त्या मागे गेल्या, चेपलेल्या पेट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आमच्यासाठी इनं आपली कंबर मोडून घेतली वं माय.” नवीन गादी बसून येईपर्यंत पाच आठवडे काम बंद होते. त्याबद्दल कोणीही कुरकुर केली नाही.

३. शकुनबाई टोळीत लाल झेंडी दाखवण्याचे काम करत. वय अडतीस. पती हयात नाहीत. घरी सासू माणिकबाई आणि बारावीत शिकणारी मुलगी आचल. झेंडी कशी धरायची हे त्या नवीन बायांना शिकवत, आणि कामाच्या जागेभोवती मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंच्या रांगेबाहेर कोणी पाय टाकला तर त्याला सर्वांदेखत झापत. त्यांच्या स्वभावाबद्दल इतके लिहिण्याचे कारण पुढे येईल.

४. दि. १६ जानेवारी २०२५, गुरुवार रोजी सकाळी टोळी मूर्तिजापूरच्या अलीकडे कामाला लागणार होती. साइट सुपरवायझरने मला सांगितले की, आज नांदगाव पेठेजवळच्या कॅम्पवर रस्ता सुरक्षा महिन्याचा कार्यक्रम आहे, पाहुणे येणार आहेत, गादीवाली गाडी धुऊन तेथे उभी करायची. टोळीचे काय, असे मी विचारले. उत्तर मिळाले, “दोन तासाचं काम हाय, शंकू लावून करून घेतीन ते. पाहुणे याच रस्त्यानं येतील, खड्डे दिसाले नाही पाहिजेत.” मी गाडी वळवू लागलो तेव्हा शकुनबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, गादी घेऊन कुठं चालले? आमी काय उघड्यावर काम करावं?” मी म्हणालो, “साहेबाचा हुकूम हाय बाई. दुपारी वापस येतो.” मॅडमचा नियम माझ्या तोंडाशी आला होता. मी तो उच्चारला नाही.

५. कॅम्पवर गाडीला झेंडूची माळ घालण्यात आली. फोटो काढण्यात आले. श्रावणी मॅडम पाहुण्यांना गादीचे काम समजावून सांगत होत्या. मध्येच त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात विचारले, “देवमन, गाडी इथे आहे म्हणजे तुमच्या टोळीचं काम आज बंद आहे ना?” सुपरवायझर तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणालो, “हो मॅडम, बंद हाय.”
महोदय, अहवालात कोठेही नसलेले हे वाक्य मी आपणासमोर स्वतःहून ठेवत आहे. मी ‘नाही’ म्हटले असते, तर मॅडमनी त्याच क्षणी फोन करून काम थांबवले असते. त्यांनी ते नक्की केले असते. त्यानंतर वीस मिनिटांनी सुपरवायझरचा फोन वाजला.

६. अकोल्याकडून आलेला एक मालट्रक शंकू उडवत सरळ टोळीत शिरला होता. शकुनबाईंनी शिटी वाजवून इतरांना बाजूला काढले, असे त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सीमा यांनी मला सांगितले. स्वतः बाजूला होण्याइतका वेळ उरला नाही. मी पोहोचलो तेव्हा त्यांना नेले होते. झेंडी शंकूंच्या आत पडलेली होती. ट्रकचा चालक, एक वयस्क माणूस, डोके धरून मातीत बसला होता आणि “मले दिसलंच नाही, काहीच दिसलं नाही” इतकेच म्हणत होता. त्याला दिसावे म्हणून जो बाण असतो, तो माझ्यासोबत नांदगाव पेठेला होता.

७. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने एक इंग्रजी कागद पुढे केला. त्यात गादीवाली गाडी घटनास्थळी टोळीच्या मागे उभी होती, असे होते. तो म्हणाला, “सही कर. तुही नोकरी वाचते, अन् गेलेली बाई काही वापस येत नाही.” मी सही केली. त्याच सहीच्या आधारे अहवालात असे लिहिले गेले की, संरक्षक वाहन हजर असताना सदर महिला स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सुरक्षित जागा सोडून बाहेर गेली. जी बाई दुसऱ्याचा पाय बाहेर पडू देत नव्हती, तिच्याबद्दल हे लिहिले आहे.

८. तो अहवाल डोंगरे कुटुंबाकडे टपालाने गेला. आचलने तो इंग्रजी कागद वाचून आजीला अर्थ सांगितला. मला हे माहीत नव्हते. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत आचल दिसली. तिने मला नमस्कार केला आणि विचारले, “काका, तुमी गाडी घेऊन मागं होते ना? मंग माही माय बाहेर कावून गेली?” तिच्या आवाजात राग नव्हता. आई बाहेर का गेली, याचे तिला खरोखरच उत्तर हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि दोघींपुढे, वर लिहिले आहे ते सर्व, मॅडमना दिलेल्या उत्तरासकट सांगितले.
आचल उठून आत गेली. माणिकबाईंनी विचारले, “म्हणजे माही सून आपल्या जागेवरच होती?” मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, “मी तिले लई बोलली रे बाबा. पोरीले उघडं टाकून गेली, स्वतःच्या पायानं मरणात गेली, म्हणून रोज बोलली. तिच्या फोटोले हार नाही घालू देल्ला मी.”
मला वाटले होते त्या मला हाकलतील. त्यांनी हाकलले नाही. ते मला जास्त जड गेले.

९. सबब विनंती की,
(अ) माझा दि. १७ जानेवारीचा जबाब खोटा असल्याने रद्द करावा व मला समक्ष बोलावून नवा जबाब घ्यावा. त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. या अर्जाची प्रत मी कंपनीत दिली, त्याच दिवशी माझ्याकडून गाडीची किल्ली काढून घेण्यात आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.
(आ) गादीवाली गाडी मागे उभी नसताना कोणत्याही टोळीला रस्त्यावर उतरवू नये, असा लेखी आदेश काढावा. आणि काम थांबवण्याचा अधिकार त्या गाडीच्या चालकालाही द्यावा. माझ्यासारखा माणूस घाबरतो. हातात कागद असेल तर कदाचित बोलेल.
(इ) शकुन डोंगरे या आपल्या जागेवर, आपले काम करत असताना मरण पावल्या, असे मराठीत लिहून द्यावे. तो कागद टपालाने पाठवू नये. कक्षातील कोणी तरी त्यांच्या घरी जाऊन माणिकबाईंसमोर मोठ्याने वाचावा. त्या माझ्यावर विश्वास ठेवतात, तरी रात्री उठून आचलला विचारतात, “पण सरकारच्या कागदात तर ती जागेवर होती असं नाही ना लेह्यलं?” याचे उत्तर देणे आचलच्या किंवा माझ्या हातात नाही. ते फक्त आपल्या हातात आहे.

आपण बोलवाल त्या दिवशी हजर राहणारा,

(सही)
देवमन पुंडलिक खंडारे
मूर्तिजापूर, दि. २१ एप्रिल २०२५

सोबत :
१) दि. १६ जानेवारीच्या कार्यक्रमाचा फोटो, वेळ छापलेला (श्रावणी मॅडम यांनी नोकरी सोडताना दिलेला)
२) सीमा यांचे अंगठ्याच्या निशाणीसह निवेदन
३) अपघात अहवालाची प्रत