अर्धा हुकूम

मंगळवार, ता. ९
वर्कशॉप, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. वाकून करायचा तर कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घ्या. तुमचा गुडघा, कानातलं यंत्र आणि शेजाऱ्यांशी चाललेलं नळाचं भांडण, तिन्हींची खबर कळवा. यंत्र कानात घालत जा. डबीत ठेवलेल्या यंत्राला ऐकू येऊन काय उपयोग?

शेंडेफळाचं ठीक आहे. छापखान्यात काम फार, म्हणून त्याचं पत्र नाही. नंतर लिहील.

अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या. मांडीवर कागद ठेवून लिहितेय. डबा नंतर उघडेन.

आज वस्ताद माझ्या टेबलावर आहे. तुम्ही चौदा वर्षं त्याचे फिटर होतात, पण तुम्ही काम सोडलंत त्यालाही नऊ वर्षं झाली. आता त्याच्या अंगावर रंग नावाला उरलाय. डावा डोळा दुसऱ्या यंत्राचा बसवला आहे, तो जरा पिवळा दिसतो. चालताना डाव्या गुडघ्याचा आवाज तुमच्या गुडघ्यासारखाच येतो. त्याच्या बरोबरीची लढाऊ यंत्रं केव्हाच भट्टीत जाऊन वितळली. हा एकटा उरला, आणि नवीन भरती झालेल्या पोरांना शिकवण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. शिकवतो, आणि कारवाईला निघाले की त्यांच्या पुढे चालतो.

पोरं त्याला तोंडावर वस्ताद म्हणतात आणि पाठीमागे थेरडा. कुठलंही दार आलं की हा उंबऱ्यावर डावा पाय ठेवून दारावर चाळीस वेळा टकटक करणार, मगच आत. मागे पोरं दातओठ खात उभी. आणि हुकमाचं त्याचं वेड तर तुम्हाला ठाऊकच आहे. गोळी चालवायला सांगायची तर तीन गोष्टी सांगायच्या: कुठे, कोणावर, किती. एक जरी राहिली तरी तो आख्ख्या तुकडीला मैदानाच्या तीन फेऱ्या मारायला लावतो. "कोणावर ते सांगायचं तर आधी बघावं लागतं," म्हणतो. पोरांचं म्हणणं, एवढं बोलेपर्यंत समोरचा आपल्याला उडवून घरी जाऊन जेवेल.

तर आज वार्षिक तपासणी. त्याला बंद केला आणि उजवा हात उघडला. बंदुकीचा हात. इतकी वर्षं तो हात डाव्या बाकावरचा म्हातारा फिटर तपासायचा. तो गेल्या महिन्यात घरी बसला म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आत बघते तर पिनच नाही. गोळीवर जी आपटते ती पिन, तिच्या जागी पितळेची खुंटी. लेथवर हौसेने काढलेली, कानशीने कडा गोल केलेल्या. आणि तिच्या डोक्यावर ठसा: तीन ठिपके, खाली आडवी रेघ.

बाबा, तो ठसा मी आपल्या घरातल्या प्रत्येक पान्यावर बघत लहानाची मोठी झाले. मी पटकन त्या हातावर फडकं टाकलं. शेजारच्या वेल्डरने काय झालं विचारलं, त्याला सांगितलं चक्कर आली.

म्हणजे नऊ वर्षं हा माणूस (यंत्र म्हणायला जीभ वळत नाही) रिकाम्या हाताने सगळ्यांच्या पुढे चालतोय, आणि तो म्हातारा फिटर बघूनही सही करत आला. आणि हे तुम्ही केलंत. आपण सगळे समजत होतो की हातून चूक झाली म्हणून तुम्ही तोंड लपवून काम सोडलंत. लोक काय काय बोलले. घरातलंच एक माणूस काय बोललं तेही तुम्ही विसरला नसाल. तुम्ही कधी एका शब्दाने उत्तर दिलं नाहीत.

वस्तादला चालू करून विचारलं. तो म्हणाला, "फिटरच्या लेकी, मी तुझ्या बाबांना शब्द दिलाय. त्यांनाच विचार."

म्हणून विचारते. नियम तुम्हाला पाठ आहे: ज्याचा हात चालत नाही ते यंत्र भट्टीत. मंगळवारी, सोळा तारखेला, मला तपासणीच्या कागदावर सही करायची आहे. गुरुवारी एक तुकडी त्याच्या मागे बाहेर जाणार आहे. सगळी विशीतली पोरं, उतावळी. सही करू की खरं लिहू? लगेच कळवा. एरवी तुम्ही महिना लावता, या वेळी लावू नका.

तुमची,
आज पहिल्यांदाच तुम्हाला ओळखू न शकलेली लेक


सोमवार, ता. २२
वर्कशॉप

तीर्थरूप बाबा,

नमस्कार.

तुमचं कार्ड गेल्या सोमवारीच, पंधरा तारखेला मिळालं होतं. इतक्या वेळा वाचलं की पाठ झालंय. "खुंटी मीच बसवली, त्याने मागितली म्हणून. पुरा हुकूम आला की त्याला नाही म्हणता येत नाही. मी काम सोडलं त्या खेपेला साहेबाने न बघताच पुरा हुकूम दिला. खोलीतली पाच माणसं मेली, एकाच्याही हातात काही नव्हतं. खुंटी राहू दे. सही कर."

नऊ वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढं बोलला नव्हता.

इकडे हवा बरी आहे. वर्कशॉपचा पत्रा बदलला, आता गळत नाही. माझा लोखंड धरायचा मोठा वाइस कोणीतरी उचलून तिकडच्या बाकावर नेला होता, तो भांडून परत आणला. वेल्डरच्या मुलीला नोकरी लागली.

हे लांबण मी का लावतेय ते तुम्ही ओळखलं असेल. लहानपणी काही फोडलं की मी आधी हवापाण्याच्या गोष्टी करायची.

शेंडेफळ छापखान्यात नाही. कधीच नव्हता. आठ महिन्यांपूर्वी तो इथे भरती झाला. तुम्हाला येत होती ती छापखान्याची पत्रं तो इथल्याच बराकीत बसून लिहायचा आणि मी छापखान्याच्या गावच्या ओळखीच्या माणसाकडून टपालात टाकवायची. ज्या तोंडाने तो तुम्हाला पळपुटा म्हणाला होता, त्याच तोंडाने मला म्हणाला, "ताई, बाबांनी घालवलं ते नाव मी परत आणतो." मी अडवलं नाही. हुशार निघाला. त्याला त्या तुकडीचा नायक केलं. गुरुवारी वस्तादच्या मागे जी तुकडी जाणार होती, तिचा.

पहिल्या पत्रात हे लिहायला हवं होतं. मी तुम्हाला सल्ला विचारला आणि मागे कोण चालणार आहे ते लपवलं. म्हणजे अर्धंच विचारलं. तुम्ही सही कर म्हणालात तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे कोणाची तरी पोरं होती, तुमचं नव्हतं.

आता दुसरं. हे लिहायला मी तीन दिवस घेतलेत.

मी सही केली, पण खुंटी ठेवून नाही केली. मंगळवारी सकाळी वस्तादला बंद केलं, तुमची खुंटी काढली आणि कपाटातली नवी पिन बसवली. मला वाटलं, ज्या पाठीमागे माझा भाऊ चालणार त्या पाठीला निदान हात तरी असावा. ज्याला मी अंगाखांद्यावर वाढवला त्याच्यापुढे मला पाच काय, कोणीच दिसेना. तुमच्या खोलीतली पाच माणसं मी वाचली आणि बाजूला ठेवली.

चालू केल्यावर वस्तादने उजवी मूठ एकदा मिटली, उघडली. माझ्याकडे बघितलं. "फिटरच्या लेकी, आज हात जड लागतोय," म्हणाला. मी म्हटलं, नवं तेल घातलंय. तो बरं म्हणाला आणि उठून गेला. त्याला कळलं होतं, बाबा. मला तो पिवळा डोळा अजून दिसतो.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास ते बाहेर पडले. पुढचं मला शेंडेफळाने सांगितलंय, तुकड्या तुकड्याने. 

बाजाराच्या मागच्या गल्लीत पावाची बंद भट्टी. मागच्या खोलीत हत्यारं घेतलेली माणसं लपल्याची खबर होती. वस्ताद दारात उभा राहिला, उंबऱ्यावर पाय ठेवला आणि टकटक सुरू केली. मागे सहा जण. शेंडेफळ म्हणतो, वीस-बावीस झाले असतील, आत काहीतरी लोखंडी दणकन पडलं. आणि याचा धीर सुटला. हा ओरडला, "वस्ताद, चालव!"

तेवढंच. कुठे नाही, कोणावर नाही, किती नाही. आठ महिने ज्याच्यासाठी मैदानाला फेऱ्या मारल्या, ते सगळं एका आवाजाने पार धुऊन गेलं.

वस्तादचा उजवा हात उचलला गेला. हुकूम होता, उचलला जाणारच. आणि शेंडेफळ म्हणतो, ताई, तो हात पुढे गेलाच नाही. कोपरात वळला. आपण छातीवर हात ठेवतो ना, तसा. नळी त्याने स्वतःच्या छातीच्या पत्र्याला टेकवली आणि चालवली. कुठे ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते त्याने ठरवलं. किती तेही सांगितलं नव्हतं. ते मात्र त्याच्या हातात नव्हतं. थांब म्हणेपर्यंत हात थांबत नाही, आणि थांब म्हणायला शेंडेफळाच्या तोंडून आवाज फुटेना. गोळ्यांचं आख्खं मॅगझिन संपलं.

मग आतून माणसं बाहेर आली. भट्टीवाला, त्याची बायको, तिची आई, तीन पोरं. सगळी पिठाने पांढरी, हात वर केलेली. बुटांचे आवाज ऐकून लपली होती. सगळ्यात धाकटीचा धक्का लागून पावाचा पत्रा पडला होता. वस्ताद दार अडवून तसाच उभा, त्यामुळे त्यांना त्याच्या काखेखालून वाकून बाहेर यावं लागलं. धाकटी जाताना त्याच्या हाताला धरून गेली, नळी अजून तापलेली होती, तिचं बोट भाजलं. त्या गल्लीत रक्त म्हणाल तर एक थेंब नाही, नुसता एक फोड.

वस्ताद शेवटचं जे बोलला ते शेंडेफळाशी. "कुठे, कोणावर, किती. काहीच सांगितलं नाहीस. बरं झालं." मग दोन्ही डोळे विझले. खाली पडला नाही. सहा जणांनी मिळून त्याला आडवा केला.

आता तो माझ्या टेबलावर आहे. छातीचा पत्रा चाळणीसारखा झालाय. आतल्या स्मरणाच्या डब्याला दोन भोकं आहेत. मी एकदा उघडून बघितलं आणि लगेच झाकण लावलं. आत काय उरलंय मला सांगता येत नाही. मला सांगायची हिंमत नाही म्हणा.  पाना हातात घेते आणि कशाला घेतला ते आठवत नाही. खुंटी तिथेच असती तर खट् असा आवाज झाला असता, आणि तो आज मैदानावर पोरांना पिदडत असता. पोरगा वाचावा म्हणून मी पिन घातली. पोरगा तसाही वाचलाच असता.

साहेबांना मी सगळं लेखी दिलं. पिन मी बदलली हे दिलं. खुंटी कोणाची होती ते विचारलं, ते दिलं नाही. एक तारखेपासून मला कामावर यायचं नाही. वस्तादला शनिवारी भट्टीत नेणार आहेत. मी पुष्कळ विनवलं. साहेब म्हणाले, त्याच्या आधी कोणी चालू करून दाखवला तर बघू. हसत म्हणाले, पण म्हणाले. वेल्डर साक्षीला आहे.

त्याची उजवी बाजू तुमच्याइतकी कोणालाच माहीत नाही, बाबा. डब्यातल्या तारा तुम्हीच ओढलेल्या. मी नुसता फोटो पाठवला असता, पण तुम्हाला फोटोत काही दिसत नाही आणि फोनवर काही ऐकू येत नाही.

म्हणून हे पत्र टपालात टाकलेलं नाही. आता तुमच्या लक्षात आलं असेल, पाकिटावर तिकीट नाही. ज्याने ते तुमच्या हातात दिलं तो अजून दारातच उभा असेल. आत ये म्हटल्याशिवाय येणार नाही, असं ठरवून निघालाय. तुम्हाला जे म्हणाला होता त्याची माफी त्याला तोंडाने मागता येईल असं वाटत नाही. गुरुवारपासून त्याला चालव आणि थांब हे दोन शब्दही नीट म्हणता येत नाहीत. खुंटी त्याच्या खिशात आहे. ती तुमची आहे, घ्या.

तुम्ही सावकाश वाचणार, चष्मा शोधणार, मधे दोनदा थांबणार, हे मी त्याला सांगून ठेवलंय. तो थांबेल. उंबऱ्याशी उभं राहायला तो आता शिकलाय.

गाडी दुपारची आहे, त्याच्याबरोबर या. पान्यांची पेटी त्याला उचलू द्या.

वाट बघत आहे, वस्तादच्या उशाशी बसून,
तुमची लेक