पन्नास मीटर बांध

१५ नोव्हेंबर
आले एकदाची! शहरातली तिरुवल्लिकेणीची कोंदट खोली सोडली. एन्नोरपासून तासाभरावर, कोसस्थलैयार नदीकाठच्या खडीच्या खाणीवर आता मी इंजिनिअर. नदी आणि साठ फूट खोल खड्डा यांच्यामध्ये पन्नास मीटर रुंद मातीचा बांध आहे. तो रोज टेपने मोजून रजिस्टरात लिहायचा, हे माझं काम. चाळीसच्या खाली गेला की खाण बंद, बांधावरची वस्ती रिकामी. वस्ती म्हणजे एकच घर, आमचा स्वयंपाक करणाऱ्या जननीचं. तिची चार वर्षांची कीर्ती मला बघून दाराआड पळाली. मी सांगलीची, पुराचं मला कौतुक नाही; जननीच्या रसमचं मात्र आहे.

१७ नोव्हेंबर
आमचे कारकून पद्मनाभराव तंजावरी मराठी. शब्द पणजोबांच्या पत्रातले, हेल तमिळ, ऐकत राहावं. ते म्हणाले, पावसाळ्यात रोज चिखल तुडवायला कुणी जात नाही, सोमवारीच अख्खा आठवडा भरून टाकायचा. तपासणीवाले आकडे बघतात. मी नाक मुरडलं. मग बाहेरचा पाऊस बघितला आणि रविवारपर्यंत सातही रकान्यांत पन्नास लिहून मोकळी झाले.

२० नोव्हेंबर
पाऊस जरा उघडला, म्हणून बांधावर गेले. काठावरचा ताड आता पाण्यात उभा आहे. टेप लावला. पन्नास. नजरेला तर तीसही वाटत नाही. पुन्हा लावला, पन्नासच. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून हसले.

२१ नोव्हेंबर
माती ढासळतेय. पावलांनी मोजलं, पंचवीस भरली. टेप पन्नास दाखवतो. नवा टेप आणवला. तोही पन्नास. रडकुंडीला येऊन मॅनेजर शेषाद्री साहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, टेप काय सांगतो? मी सांगितलं. मग घाबरता कशाला, म्हणाले. रजिस्टर आधीच भरलंय हे मी बोलले नाही. नोकरी नवी आहे. लाज वाटली.

२२ नोव्हेंबर
जननी गाठोडं बांधून आली. “अक्का, पोगलामा?” म्हणजे, निघू या का? काय सांगणार होते? टेप धरला, आकड्यावर बोट ठेवून दाखवलं. तिचा माझ्यावर विश्वास. घरी जाऊन गाठोडं सोडलं तिने. थांब म्हणून मीच सांगितलं. मीच.

रजिस्टरातले पन्नास खोडून दहा लिहिलं. शाई वाळली— पुन्हा पन्नास. भीती वाटते.

२३ नोव्हेंबर, सकाळी
सहा पावलं. फोन करतेय, जननी उचलत नाही. घराकडची पायवाट वाहून गेली— मी ऑफिसच्या कंटेनरात अडकले. टेप कालपासून तिच्याकडेच आहे.

साडेदहा
पाणी खड्ड्यात उतरायला लागलं. घराची मागची भिंत तडकली. जननी दारात, कीर्ती कडेवर. खिडकीतून ओरडतेय, निघ, निघ— माझा हात बघून तीही हात हलवते—

हसतेय. टेप उघडला तिने. कीर्तीचं बोट धरून आकड्यावर ठेवतेय, मला दाखवतेय—

नको ऐकूस माझं, जननी, नको—