एका हातानं घालायचा ॲप्रन

बाबा, या उन्हाळ्यात मी पुन्हा शिलाई मशीनवर बसले. रिटायर झाल्यापासून ते खिडकीखाली झाकून पडलं होतं, वर इस्त्रीचे कपडे साचत होते. अमरावतीचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि कूलरच्या घरघरीत मशीनचा आवाज आपला आपल्यालाही ऐकू येत नाही. अशा दुपारी बसून मी ॲप्रन शिवले. डॉक्टर घालतात ते पांढरे नव्हे, स्वयंपाकाचे. तुम्हीही एकदा घातला होता, फक्त आपण त्याला काही नाव दिलं नव्हतं. धाकट्याच्या वेळी आई दवाखान्यात होती, तेव्हा अकोल्याच्या घरात तुम्ही स्टोव्हपुढे बसलात. शर्टावर तेल उडू नये म्हणून पिठाची रिकामी थैली उसवलीत, तिला पायजम्याची नाडी लावलीत आणि कमरेला बांधलीत. आई घरी येते तेव्हा बेसन करपलेलं असतं, आणि थैलीवरचं गिरणीचं नाव तुमच्या पोटावर उलटं आलेलं असतं. ते वाचायला आई मान वाकडी करते, मग पोटावर हात दाबून धरते. "मले हसवू नका," म्हणते, "टाके दुखून राहिले." मी दारात उभी आहे. तुम्ही काहीच न झाल्यासारखे कढई खरवडत आहात.

ॲप्रन शिवायचे होते माझ्या मैत्रिणीसाठी. तुम्ही तिला माझ्या लग्नात पाहिलं होतं. पाहुणी असून पंगतीत वाढायला उठली होती ती. आम्ही दोघी एकाच दवाखान्यात नर्स म्हणून लागलो आणि जवळजवळ सोबतच बाहेर पडलो. ड्यूटी कोणतीही असो, तिच्या डब्यात वॉर्डातल्या सगळ्यांपुरती भाजी असायची. पातोडीची भाजी करावी तर तिनं. बेसनाच्या वड्या रश्श्यात पडूनही तुटायच्या नाहीत, आणि वरून कोथिंबिरीचा हिरवा सांबार इतका की वॉर्डबॉय मामा लोक विचारायचे, सिस्टर, शेतातून आणला का. मागच्या हिवाळ्यात तिला लकवा मारला. वेळेवर नेलं म्हणून वाचली, बोलणं पूर्ववत झालं, पाय ओढत का होईना चालायला लागली. उजवा हात मात्र राहिला तो राहिलाच. बोटं मिटतात, पण धरत नाहीत.

घरात ती आणि तिचा नवरा, दोघंच. मी त्यांना भाऊजी म्हणते. बँकेतून रिटायर झालेला, मितभाषी माणूस. एका सकाळी ते आंघोळीला गेलेले पाहून ती डाव्या हातानं चहा ठेवायला गेली आणि ओढणीचं टोक गॅसवर येऊन पेटलं. तिनं प्रसंगावधान राखून ओढणी भांड्यांच्या मोरीत फेकली. अंगाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून भाऊजींनी गॅसची टाकी बंद ठेवायला सुरुवात केली. दोन वेळचा डबा लावला. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची, आणि मी गेले की म्हणायची, "डब्यातल्या वरणाले वरण म्हनतेत लोक. मी काय बोलू."

मला वाटलं, अंगावरचे कपडे आवरून धरणारा, नाड्या न बांधता घालता येईल असा ॲप्रन शिवून दिला तर भाऊजींची भीती जाईल. निळ्या चौकडीचं जाड सुती कापड आणलं. मागे वेल्क्रोची पट्टी लावली. छान दिसत होता. दुसऱ्या दिवशी घेऊन गेले, भाऊजीही समोर बसले होते, आणि मी त्या दोघांना तो समजावून सांगायला लागले, वॉर्डात नातेवाइकांना सांगायचे तसा.

"हे पाह्य, मांगं चिकटपट्टी हाय. गाठ माराचं कामच नाही. आन जेवतानी सांडलं तरी आंगावर डाग पडनार नाही."

तिनं डाव्या हातात तो घेतला, वेल्क्रो कर्रकन उघडला, पुन्हा लावला.

"लेकरायच्या गयात बांधतेत, तसं लायेरं हाय हे."

"तसं नाही व."

"मी तुही पेशंट नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. घडी करता येत नव्हती म्हणून ॲप्रन तिनं तसाच माझ्या मांडीवर ठेवला. इतका वेळ तिच्याकडे पाहणारे भाऊजी आता खिडकीबाहेर पाहत होते. मला पाणीसुद्धा विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि ते घर असं होतं की तिथून कोणी उपाशी परत गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन मला तिचा राग आला, हे खरं सांगते. आयुष्यभर हातपाय गेलेल्या माणसांना कपडे घालत आले, मला शिकवते. रागातच मशीनचं झाकण लावायला गेले आणि बाबा, तुम्ही आठवलात. म्हणजे तुम्ही नव्हे, आधी तो माणूस आठवला. बाळापूरहून बाजाराच्या दिवशी यायचा. कापसाच्या जिनिंगमध्ये त्याचा डावा हात कोपरापासून गेला होता. शर्टाचं कापड घेऊन आला तेव्हा मी तुमच्या शिलाईच्या दुकानात फळीवर बसून काज-बटणं करत होते. तुम्ही माप घेतलंत, हाताबद्दल अक्षर काढलं नाही. शर्ट शिवून झाला तेव्हा मला नवल वाटलं. पुढच्या पट्टीला आतून टिचबटणं होती, आणि वर नेहमीची बटणं नुसती टाचलेली. लांबून पाहणाऱ्याला चारचौघांसारखा शर्ट. एका हातानं दाबलं की बंद, ओढलं की उघडा. तो आला, आतल्या पडद्यामागे गेला. टच, टच, टच असा आवाज आला. घालूनच बाहेर आला. "जयभीम, मास्तर," म्हणाला आणि गेला.

"त्याले सांगितलं कावून नाही?" मी विचारलं.

"काय सांगाचं?"

"का खास त्याच्यासाठी असा शिवला."

तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. "घातल्यावर कयलं ना त्याले," म्हणालात. "मंग आपन कायले बोलाचं."

पुढच्या वर्षी तो पुन्हा कापड घेऊन आला आणि म्हणाला, "तसाच शिवजा." तसाच म्हणजे कसा, हे तुम्ही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

हे आठवून मी नव्यानं कापड आणलं. या वेळी नाडी नाही, पट्टी नाही, काही नाही. पाठीवर दोन रुंद पट्ट्यांची फुली, आणि बनियनसारखा डोक्यातून घालायचा. लकव्याचा हात आधी घालायचा असतो हे मला नोकरीनं शिकवलं होतं, म्हणून उजवीकडचा मुंढा मोठा बेतला. पण मोठा दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंना सारखीच लाल गोट लावली, आणि डावीकडे खिसा दिला म्हणजे नजर तिकडे जाईल. दोनदा उसवावा लागला. फुली पाठीवर सरकत होती. शेवटी मी तो स्वतः घालून, उजवा हात लुळा सोडून, आरशासमोर उभी राहिले. उजवा हात वापरायचा नाही, एवढंच. पण तो आपणहून उठायचा, पुन्हा पुन्हा. तिचा उठत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. इतकी वर्षं नर्स होते, तरी.

या वेळी भाऊजी भाजी आणायला गेले असतील अशा वेळेला गेले. "शिवला होता, घेऊन आली," एवढंच म्हटलं आणि टेबलावर ठेवला. इकडचं तिकडचं बोललो. बऱ्याच वेळानं ती उठली. डाव्या हातानं उजवा हात उचलून मुंढ्यात सरकवला, मग डोकं, मग डावा हात. ओढून खाली केला. कोणाची मदत लागली नाही. मी पंख्याकडे पाहत होते.

"उजवीकून मोठा कापला तू," ती म्हणाली.

"हाव."

"माह्यासाठी."

"हाव."

"मंग मांगच्या खेपेले असा कावून नाही शिवला?"

"तवा नर्सवानी शिवला. हा माह्या बाबावानी शिवला. ते असं कोनाले सांगत नव्हते."

तिनं खिशात हात घालून पाहिला. "सांगितलं असतं तरी चाललं असतं मले," ती म्हणाली. "मी बी नर्सच होती. पन यायच्या समोर नव्हतं सांगाचं. तू बोलून राहिली आन हे माह्याकडं पाहून राहिले, का हिले आता लायेरं लागते."

मी तुमचा धडा गिरवायला गेले होते, बाबा, आणि धडा दुसराच निघाला. तुम्हा दोघा पुरुषांचं न बोलता भागलं. आमचं भागलं नसतं. त्या बाळापूरच्या माणसाला तरी तुमच्याशी दोन शब्द बोलावंसं वाटत नसेल का, असं मला आता वाटतं. तुम्ही असतात तर यावर वाद घातला असता.

भाऊजी पिशवी घेऊन आत आले आणि तिला ॲप्रनमध्ये पाहून दारातच थांबले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "यायले बी एक शिव."

"मले कायले?" भाऊजी म्हणाले. "मले काय येते सैपाकातलं."

"तुमाले काय येते ते मी सांगीन. टाकी तुमच्या ताब्यात हाय ना, मंग हात बी तुमीच खराब करा."

भाऊजींचा मी उरलेल्या कापडातून शिवला. पोट सुटलंय, त्यामुळे कापड कमी पडलं आणि बाजूला जोड द्यावा लागला. त्या रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं. गेले तेव्हा ती ओट्याजवळ उंच स्टुलावर बसलेली, आणि भाऊजी बेसन घोटत होते. पातोडीचा बेत होता. बेसन ताटात थापलं भाऊजींनी, वड्या कापल्या तिनं, डाव्या हातानं. ताट सरकू नये म्हणून भाऊजींनी ते दोन्ही हातांनी धरलं. वड्या वाकड्यातिकड्या झाल्या. फोडणीच्या वेळी ती म्हणाली, "थांबा. अजून थांबा. आता टाका." त्यांनी वाटण वरूनच टाकलं, तेल उडालं, दोघांच्याही ॲप्रनवर लाल ठिपके पडले, आणि भाऊजी एकदम मागे सरून तिच्यासमोर आडवे उभे राहिले.

"काय झालं?" ती म्हणाली. "तेलच हाय."

त्यांनी गॅस बारीक केला. झारा हातात तसाच होता. "त्या दिवशी मी न्हानीत होतो," ते म्हणाले, आणि हे ते कोणाला सांगत होते कोण जाणे, कारण पाहत होते कढईकडे. "तू आवाज देल्ला. आंगाले साबन होतं, कडी हातातून सटकून राहिली होती. उघडतच नव्हती. मले वाटलं, आता बाहेर निंगीन तं काय दिसन. तवापासून आंगावर पानी घेतलं का कान इकडंच असते."

रस्सा रटरटायला लागला.

"मंग हे सांगाचं ना," ती म्हणाली. "मले वाटे, मी आता काही कामाची नाही राहिली म्हनून टाकी बंद करता."

"तसं कधी म्हनलं का मी?"

"म्हनलं नाही. काहीच नाही म्हनलं तुमी."

मी सांबार निवडत होते, निवडतच राहिले. काड्यासुद्धा निवडून टाकल्या बहुतेक. जेवायला बसलो तेव्हा रश्श्यात निम्म्या वड्या फुटलेल्या होत्या. तिनं एक घास घेतला आणि भाऊजींना म्हणाली, "मीठ बराबर पडलं." तिच्या तोंडून एवढं कौतुक वॉर्डातल्या कुठल्याही नव्या पोरीला मिळालं नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. हात अजून तसाच आहे, आणि डॉक्टर आता फार आशा दाखवत नाहीत. रात्रीचा डबा चालूच आहे, कारण संध्याकाळी ती थकते. पण सकाळचा बंद केला. सकाळी टाकी चालू असते, आणि भाऊजींनी आंघोळीची वेळ बदलून पहाटे केली आहे. कधी फोन केला की मागे त्यांची वादावादी ऐकू येते, हळद किती, पाणी किती. मी फोन लवकर ठेवते.

हे सगळं तुम्हाला लिहायला बसले, कारण दुसऱ्या कोणाला मुंढा मोठा कापण्यातली गंमत कळली नसती. पोरगा पुण्याहून फोन करतो तेव्हा तब्येतीचं विचारतो, मीही तब्येतीचंच सांगते. पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न आहेच. कपाटात कापडाच्या घडीखाली ठेवीन, नाहीतर फाडीन.

एक मात्र सांगून टाकते. परवा मैत्रिणीनं विचारलं, "आमाले दोघायले शिवले, तुहा कुठं हाय?" मी म्हटलं, घरी आहे, खिळ्याला. खरं तर तो मी शिवलेलाच नाही. तुमचा जावई गेल्यापासून एकटीच्या भातासाठी काय बेतायचं, असं वाटत राहतं. मी अजून पदरालाच हात पुसते, बाबा.