साकवाचा एक फूट

१२ जानेवारी २०२६, सोमवार

अनुजा आली! पंधरा दिवसांची रजा काढून. चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "बाबा, आता ऑफिस बंद करा नि माझ्यावांगडा पुण्याक चला. मोजणी करता कोण, तर तुमी नि गणपत!" खरंच आहे. गणपत उंचीची पट्टी धरतो, मी यंत्रातून आकडे वाचतो — बत्तीस वर्षं. हसलो. लेक इंजिनियर, बाप सर्व्हेअर, आणि मालवणातलं ऑफिस बंद? माझ्या मनात भलतंच शिजतंय.

१४ जानेवारी

जमलं! खालच्या वाडीच्या ओढ्यावर नवा छोटा पूल व्हायचाय, त्या साकवाची मोजणी आपल्याकडे. अनुजाला सहज म्हटलं, "घरात बसान काय करतलंस? चल, हवा खावक." तयार! ही इथेच राहिली पाहिजे, दुसरं काही नको. तिळगूळ जरा जास्तच खाल्ला.

१६ जानेवारी

व्हाळावर गेलो. जुना साकव माझाच, १९९४ चा, ऑफिसचं पहिलं काम. दर पावसात त्याच्यावरून पाणी जातं, आठ-आठ दिवस वाडी पलीकडेच अडकते. दरवर्षी नारळ देऊन देवाला गाऱ्हाणं घालतात. मी आपला सांगत आलो, "व्हाळच तसो!"

अनुजाने देवळाच्या पायरीपासून साकवापर्यंत उंची काढली. यंत्रातून बघताना एक डोळा मिटून जीभ बाहेर काढते — लहानपणी चित्र रंगवताना काढायची तशी. इतका आनंद झाला की गणपतला उगाच मिठी मारली. "भाई, पट्टी हलली मां!" ओरडला.

१७ जानेवारी

माझ्या जुन्या वहीतली उंची आणि तिची — तीस सेंटिमीटरचा फरक. बरोब्बर तीस! म्हटलं, गणपतने पट्टी वाकडी धरली. गणपत रुसला, डबा उघडला नाही.

१९ जानेवारी

तीनदा मोजलं. तीसच. मग तिने कपाटातलं माझं जुनं यंत्र बाहेर काढलं. त्यातून सगळं उलटं दिसतं, गणपतसुद्धा डोक्यावर उभा! बघितलं आणि खो खो हसत सुटली. "बाबा, ह्यो आकडो वाचा."

"नऊ."

"आता थंय जावन पट्टीर बघा."

सहा होता!

म्हणजे १९९४ साली उलटा दिसलेला सहा मी नऊ म्हणून लिहिला — तीन आकडे, म्हणजे तीस सेंटिमीटर — आणि साकव एक फूट खाली बसला. बुडत होता तो माझ्यामुळे! पण खरं लिहू? लाज वाटली त्याच्या दुप्पट अभिमान वाटला. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, पोरीने चार दिवसांत पकडलं! गणपतची माफी मागितली. त्याने वर सुरमई मागितली.

२२ जानेवारी

गावाला सांगायचंच. अनुजा म्हणते, "तुमी सांगा, मी बाजूक उभी रवतंय."

२४ जानेवारी, शनिवार

देवळात बैठक. सगळं सांगितलं, सहा आणि नऊ फळ्यावर काढून. सरपंच सत्यवतीबाई म्हणाल्या, "माझ्या तन्वीन दहावीचो आख्खो पावसाळो मामाकडे काढल्यान, भाई." मान खाली घातली.

तेवढ्यात धोंडू गावकर उठले. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. नारळ हातात घेतला. "बा देवा महाराजा, बत्तीस वर्सां आमी तुका बोल लावलो, तुजो कायएक गुन्हो नाय. भाईक सहाचो नऊ दिसलो, ता पोटात घाल रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" अख्खी वाडी एका आवाजात. सत्यवतीबाईसुद्धा! अनुजा तर खांबाला धरून हसत होती. नवा साकव आम्हीच मोजायचा, पण आकडे अनुजाने वाचायचे — तसा ठरावच झाला.

पण सोमवारी तिची गाडी.

२६ जानेवारी

गाडी गेली, अनुजा नाही! सकाळीच पुण्याला राजीनामा धाडला. म्हणते, "बाबा, तुमच्या बत्तीस वर्सांच्या सगळ्या वह्यो भायर काढा. आता एकेक तपासूक होयी."

एकशे चौदा आहेत!