चढावरचा टोळ

४ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. पत्र बसून वाच आणि वहिनीला शेजारी बसव.

मी मोटारसायकल घेतली. परदेशातून पेटीत बंद होऊन आलेली, माझ्या कमरेलाही न पोचणारी, चाकं जेवणाच्या ताटाहून जराशी मोठी. स्वस्तात मिळाली. किती स्वस्तात ते लिहीत नाही, कारण तुझ्या कपाळावरची आठी मला इथून दिसते.

बावीस वर्षं मी फिरती परिचारिका आहे, तरी तुला वाटतं मी दवाखान्यात बसून चिठ्ठ्या फाडते. म्हणून सांगते. आमच्या टेकडीवर बस पाण्याच्या टाकीपर्यंतच जाते. त्याच्या वर साडेतीनशे घरं, आणि गल्ल्या अशा की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागतं. लशींची पेटी खांद्याला लावून मी रोज चढते. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय. दवाखान्याच्या नव्या साहेबांचं म्हणणं, फेरी वेळेत होत नाही. एप्रिलअखेर सुधारणा दिसली नाही तर वरची फेरी बंद, लोकांनी खाली यावं. अंथरुणाला खिळलेले अकरा जण खाली कसे येणार, असं मी विचारलं, तर त्यांनी पुढची फाईल ओढली.

मोठी स्कूटर बसून पाहिली, पाय अधांतरी. हिच्यावर दोन्ही पाय टेकतात. परवाना निघाला, नंबरही मिळाला. फक्त इथल्या एकाही मेकॅनिकनं असलं यंत्र पूर्वी पाहिलेलं नाही.

रागव, पण उत्तर दे. माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच राहू दे, ह्या पत्रापायी कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

---

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त काळजी.

चौतीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली, ती काय माझ्या बहिणीनं बावन्नाव्या वर्षी खेळणं विकत घ्यावं म्हणून? परत देऊन टाक, असं लिहिणार होतो. पण तू लहानपणापासून नको म्हटलेलं आधी करतेस, तेव्हा शाई फुकट घालवत नाही.

फोनवर सांगितलेलं तू एका कानानं ऐकतेस, म्हणून लिहून देतो. आत जे तेल घालून आलंय ते फक्त प्रवासापुरतं. ते काढून टाक, चांगलं घाल, आणि पन्नास किलोमीटर झाले की पुन्हा बदल. असल्या गाडीत नट घट्ट केलेले नसतात, नुसते बसवलेले असतात. एकेक पक्का आवळ आणि त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढ, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. रोज सकाळी बघ. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. साखळी बोटानं दाबली की एक बोटभर हलली पाहिजे, जास्त नाही, कमी तर मुळीच नाही. आणि ब्रेक. ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय चढाकडे तोंडसुद्धा करू नकोस.

अक्षर गिचमिड झालंय. पेन भिकार आहे.

तुझी वहिनी विचारतेय, त्यावर मागे माणूस बसतो का. मी सांगितलं, पुढेच बसतो की नाही याची शंका आहे. सांभाळून राहा. शहाणपण थोडं असलं तरी जपून वापर.

तुझा,
दादा

---

२ मार्च

ती. दादास,
सा. नमस्कार, तेलकट हातांनी.

सांगितलंस तसं सगळं केलं. चौऱ्याहत्तर नट निघाले, पैकी एकोणीस नुसते नावाला. रेघा ओढल्यावर गाडीच्या अंगावर देवी उठल्यासारखं दिसतं. पाय ठेवायच्या दांडीची रेघ तिसऱ्याच दिवशी तुटली, पण मला आधी कळलं, म्हणून अजून माझे दोन्ही पाय जागेवर आहेत. गाडीचा हिरवा रंग आणि उड्या मारत जाणं बघून लोक तिला टोळ म्हणतात.

आता खरं दुखणं. पाण्याच्या टाकीपासून वर निघालं की चार-पाच मिनिटांत, शिंप्याच्या दुकानासमोरच्या वळणावर टोळ मरतो. रोज. शिंपी आता मला येताना पाहिलं की आधी खुर्ची बाहेर काढतो. एका मेकॅनिकनं प्लग बदलला, दुसऱ्यानं कार्बुरेटर धुतला, तिसऱ्यानं गाडी विकायचा सल्ला दिला. काल तर साहेबच रस्त्यात भेटले आणि त्यांनी विचारलं की ही गाडी तुम्हाला नेते की तुम्ही हिला. सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन न जेवता झोपले.

दादा, आठ दिवस येऊन जा ना. तू नुसता हात लावलास की इंजिनं सुतासारखी सरळ होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाट बघते. नाही म्हणायचं असेल तर पत्र उशिरा टाक.

तुझी,
धाकटी

---

९ मार्च

प्रिय धाकटीस,
तुझ्या वहिनीचे आशीर्वाद. हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय, वाचून फाडून टाक.

हे येणार नाहीत. गाडी म्हणजे खेळणं आहे, असलं काहीतरी कारण देतील. खरं कारण वेगळं आहे. दीड वर्षापासून ह्यांचा उजवा हात थरथरतो. तुम्हा सगळ्यांना सांगितलं की नोकरीचा कंटाळा आला म्हणून लवकर सोडली. तसं नव्हतं. एक दिवस वर्कशॉपमध्ये हातातला पाना सुटून पडला. उचलला, पुन्हा पडला. ज्यांना ह्यांनी काम शिकवलं तीच माणसं बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आले आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलली. गोळ्या चालू आहेत, पण पेटीला हात लावलेला नाही.

तुझं पत्र आल्यापासून मात्र माणूस बदललाय. जेवताना मधेच थांबतात आणि मला विचारतात की ती गाडी बंद पडताना आचके देत असेल की एकदम गप्प होत असेल. मला काय ठाऊक, मी काय तिची सासू?

म्हणून सांगते, त्यांना बोलावू नकोस. विचार. खोदून खोदून विचार.

तुझीच,
वहिनी

---

१४ मार्च

ती. दादास,
सा. नमस्कार.

येऊ नकोस. विचार केला, तू आलास तर सगळं तूच करशील आणि मी होते तशीच अडाणी राहीन. मला कळेल असं सांग, हात मी चालवते.

काय घडतं ते नीट लिहिते. बंद पडताना एकदम गप्प होत नाही. आधी दम लागल्यासारखा होतो, मग दोन-तीन आचके, मग संपला. दहा मिनिटं खुर्चीवर बसले की जणू काही झालंच नाही असा चालू होतो. सपाट रस्त्यावर कुरकुर नाही. आणि एक विचित्र गोष्ट, तिन्ही मेकॅनिकना सांगितली तर तिघेही हसले: टाकी पेट्रोलनं काठोकाठ भरलेली असली की लवकर मरतो. अर्धी असली की वळणाच्या पुढे जातो.

तूही हसणार असशील तर हस, पण उत्तर लिही.

तुझी,
धाकटी

---

१९ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. आज काळजी नाही, नुसते आशीर्वाद.

त्या तिघांना माझ्याकडे पाठव, कान धरून उठाबशा काढायला लावतो. टाकी भरलेली असताना लवकर मरतो, हे वाचलं आणि मी ताटावरून उठलो. वहिनीला वाटलं भाजी बिघडली.

इंजिनात काही दोष नाही. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. तुझ्या झाकणाचं भोक कारखान्यातच रंगानं बुजलं असणार. हवा आत येत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. चढावर पेट्रोल जास्त लागतं, म्हणून तिथं मरतो. भरल्या टाकीत मुळात हवाच थोडी, म्हणून लवकर. थांबलीस की हवा कुठूनतरी झिरपते आणि चालू होतो.

पुन्हा बंद पडला की लगेच झाकण उघड आणि कान लाव. फुस्स असा आवाज आला तर मी बरोबर. मग घरी येऊन झाकणातलं भोक सुईनं मोकळं कर. सुया तुझ्याकडे ढिगानं आहेत.

आवाज आला का, ते ताबडतोब कळव. मला दुसरं काही सुचणार नाही.

तुझा,
दादा

---

२० एप्रिल

ती. दादास,
साष्टांग नमस्कार, आणि यावेळी खरोखर वाकून.

फुस्स आवाज आल्याचं कार्डावर कळवलं होतंच. आता पुढचं ऐक. महिनाभर टोळ एकदाही थांबला नाही. शिंप्यानं खुर्ची आत नेली, म्हणतो चुकल्याचुकल्यासारखं होतं.

गेल्या मंगळवारी सकाळी अगदी वरच्या गल्लीतून निरोप आला. बेकरीवाल्याची सून घरीच बाळंत झाली होती, बाळ ठीक, पण तिचा रक्तस्राव थांबेना. रुग्णवाहिका पाण्याच्या टाकीपाशी येऊन अडकली, वर जाईना. माणसं स्ट्रेचर घेऊन पायी निघाली. मी गर्भाशय आवळण्याचं इंजेक्शन बर्फाच्या डब्यात घेतलं आणि टोळावर बसले. पूर्वी ह्या चढाला मला पाऊण तास लागायचा. नऊ मिनिटांत पोचले. दादा, शिंप्यासमोरचं वळण टोळानं सरळ घुर्र करून मागे टाकलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले. स्ट्रेचर आलं तेव्हा रक्त आटोक्यात होतं. आज ती घरी आली, आणि तिची सासू माझ्यापेक्षा टोळालाच जास्त आशीर्वाद देतेय.

साहेब स्वतः वर येऊन तिचं घर पाहून गेले. चालत. येताना दोनदा बसले. फेरी बंद करण्याचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. शिवाय इतर वस्त्यांसाठी असल्या सहा गाड्या मागवल्या आहेत आणि परिचारिकांना दुरुस्ती शिकवणारा माणूस हवाय म्हणाले. मी तुझं नाव दिलं. असंही सांगितलं की शिकवणारा स्वतः हत्याराला हात लावणार नाही, लावला तर बायका शिकणार नाहीत. ते म्हणाले, पद्धत चांगली आहे.

आता ये. लोभ वगैरे समोरासमोर बघू.

तुझी,
धाकटी

---

६ जून

ती. वहिनीस,
सा. नमस्कार.

तुझा माणूस सुखरूप आहे. पहिल्या दिवसाचं तेवढं लिहिते, तो स्वतः सांगणार नाही.

दवाखान्यामागच्या शेडमध्ये सहा गाड्या, सहा परिचारिका, आणि कडेला साहेब. दादा आला तो हात खिशात घालून. मी ठरवल्याप्रमाणे पद्धतीबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं मला थांबवलं. उजवा हात खिशातून काढला, सगळ्यांना दिसेल असा समोर धरला. तो थरथरत होता. मग म्हणाला, “याला नट धरता येत नाही. तेव्हा हात तुमचे, कान माझे.”

कुणी हळहळलं नाही, वहिनी. त्या सगळ्या परिचारिका, थरथरणारे हात रोज बघतात. त्यांतल्या सगळ्यात तरुण पोरीनं एवढंच विचारलं की सुरुवात कुठल्या पान्यानं करायची.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या बाह्या काळ्या झाल्या. संध्याकाळी त्यानं सहाही गाड्या एकदम सुरू करायला लावल्या आणि डोळे मिटून रांगेतून चालत गेला. चौथीपाशी थांबला, मान तिरकी केली आणि सांगितलं की हिचा व्हॉल्व्ह जास्त आवळलाय, उघडा. उघडून पाहिला. तसंच निघालं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच. दादा इतका लाजला की गाडीच्या मागे जाऊन साखळी तपासायला लागला.

तो आठवड्याच्या बोलीवर आला होता, ती मुदत आज सकाळी संपली. मी परतीच्या तिकिटाचा विषय काढला, तर त्याला ऐकू आलं नाही. मग चहा पिताना म्हणाला, कामाचे बूट मागवून घे, इथल्या शेडची फरशी गार आहे. तेव्हा बूट पाठव. किंवा सरळ तूच घेऊन ये. टोळावर मागे माणूस बसतो, मी बसवून पाहिलाय.

तुझी,
धाकटी